एचपीएलसीचे दोन कॉलम जोडले तर चिकटलेले पीक (आलेखावरचे उंचवटे) सुटतील का?

प्रश्न: सर, मी वाळूजला एका औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) एक इम्प्युरिटी (अशुद्धी) मेन पीकला चिकटूनच येते, रिझोल्युशन (दोन पीकमधला सुटेपणा) १.२ च्या पुढं जाईना, आम्हाला १.५ पाहिजे. सी-१८ कॉलम (आत बारीक कणांचं पॅकिंग असलेली नळी) १५० एमएमचा आहे, आयसोक्रॅटिक (द्रावकाचं प्रमाण शेवटपर्यंत तेच), प्रेशर १४० बार. तसलाच अजून एक मागं जोडला तर चालेल का? सीनियर म्हणतात पंप बंद पडेल.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: चालतं, बिनधास्त करून बघा. लांबी डबल झाली की प्लेट्स (कॉलमच्या वेगळं करण्याच्या ताकदीचं माप) डबल होतात पण रिझोल्युशन वर्गमुळानं वाढतं, म्हणजे १.४ पट, तुमचं १.२ चं १.७ च्या आसपास जाईल. फ्लो तोच ठेवला तर रनटाइम डबल आणि प्रेशर २८० पर्यंत. सीनियरांची काळजी खरी आहे, पण ४०० बारच्या पंपाला २८० झेपतं, फक्त पहिल्या कॉलमच्या तोंडावर हे सगळं प्रेशर येतं म्हणून त्याची लिमिट बघून घ्या. मोबाइल फेजमधे (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) मिथेनॉल-पाणी असेल तर कॉलमचा ओव्हन ४० डिग्रीवर नेऊन बघा, प्रेशर उतरतं, पण तापमानानं पीकच्या जागा हलू शकतात.

आता महत्त्वाचं. दुसरा कॉलम कपाटातला जुना नको! दोन्ही एकाच पॅकिंगचे, एकाच व्यासाचे, जमलं तर एकाच लॉटचे घ्या, आणि जोडायच्या आधी दोन्हीवर तेच स्टँडर्ड (माहितीतला नमुना) वेगवेगळं चालवा. एक १०,००० प्लेट्सचा आणि दुसरा थकलेला ४,००० चा असला तर एकूण १४,००० होत नाहीत, साधारण ११,४०० च मिळतात, कारण पीकचा पसारा बेरजेत येतो. वेळ डबल गेला आणि हाताला काही लागलं नाही असं होतं.

आणि जॉइंट. मधली ट्यूब बारीक, ०.१२ एमएमची, आणि जमेल तेवढी आखूड ठेवा. नट आवळताना ट्यूब बोटानं आत दाबून धरा, तळाला टेकली पाहिजे, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉलममधे फेरूलची (ट्यूबवरच्या सील करणाऱ्या कडीची) खोली वेगळी असते आणि एकाची तयार फिटिंग दुसऱ्यात घातली की मधे पोकळी राहते. पाटात खड्डा पडला की पाणी तिथं भरून, फिरून मगच पुढं जातं ना, पीकचं तसंच होतं, फुगतो आणि शेपटी येते. दोन्ही कॉलमवरचे बाण एकाच दिशेला ठेवा, आणि पहिली १५-२० मिनिटं डिटेक्टरला न जोडता वेस्टमधे सोडा.

मेथड यूएसपीची (अमेरिकेच्या औषध मानकग्रंथाची) असेल तर मात्र थांबा. तिथं लांबी भागिले कणाचा आकार ह्यात उणे २५ ते अधिक ५० टक्के एवढीच सूट आहे, तुमची वाढ थेट १०० टक्के होते, म्हणजे व्हॅलिडेशन (मेथड बरोबर चालते याची तपासणी) परत करावं लागणार. उद्या ग्रेडियंट (रन चालू असताना द्रावकाचं प्रमाण बदलत नेणं) लावला तर ग्रेडियंटचा वेळही डबल करा, नाहीतर उतार बदलतो.

एवढं करूनही १.५ गाठलं नाही तर मोबाइल फेजला हात लावण्याआधी तो मधला जॉइंट उघडून परत बसवा.