आईला कमी वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. मी जीन टेस्ट करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की आईला ४३ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, मावशीला गर्भाशयाचा, आणि तुमचं वय आता ३१ आहे. टेस्ट जरूर व्हायला हवी, पण आधी तुमची नको, आईची करा.

मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात लिंच सिंड्रोम, म्हणजे आतडं, गर्भाशय अशा कॅन्सरचा आनुवंशिक धोका, आहे आणि बाबांकडून तो माझ्यात आलाय. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारे जीन असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. त्यातला एखादा जन्मतःच बिघडलेला असला की लिंच. एकाच घरात आतडं आणि गर्भाशय अशा दोन्ही जागी कॅन्सर दिसला, तर ही शंका घ्यायलाच हवी.

समजा, तुम्ही एकट्यानेच टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली. बिघाड आईत आहे पण तुमच्यात उतरला नाही, की तो या टेस्टमध्ये सापडतच नाही? काहीच कळत नाही, आणि उगाच निर्धास्त व्हाल. आईत नेमका बिघाड सापडला, तर तुमच्यात तेवढाच शोधायचा. तो असण्याची शक्यता ५० टक्के, मग तोंडवळा कुणाचाही असो. नसेल, तर तुमचा धोका चारचौघांइतकाच.

आईच्या ऑपरेशनची फाइल काढा. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'एमएमआर' (हेच दुरुस्तीचे जीन) किंवा 'आयएचसी' (त्यांची प्रथिनं गाठीत आहेत का ते बघणारी टेस्ट) लिहिलंय का बघा. नसेल तर लॅबकडे ब्लॉकची चौकशी करा. मेणात बसवलेला गाठीचा तो तुकडा जपून ठेवलेला असला, तर त्यावर या चार जीनची प्रथिनं आजही तपासता येतात.

कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघणं) मात्र यासाठी अडवून ठेवू नका. लिंचमध्ये ती साधारण २०-२५ व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी करतात. एरवी पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या वाढीचा, कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं जातात, लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होऊ शकतो. शेकड्यांनी पॉलिप येतात तो आजार वेगळा, एफएपी. आमचे मोजकेच असतात, पण चपटे असले तर सहज नजरेतून सुटतात. म्हणून पोट साफ करायच्या औषधाचा पहाटेचा डोस कितीही जिवावर आला तरी पूर्ण प्या. शेवटी शौचाला फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी व्हायला हवं. मागच्या खेपेला माझा पॉलिप मला स्क्रीनवर दिसत होता. खाली सलाइन टोचून तो फुगवला, तारेचा फास आवळला आणि अलगद काढून घेतला. दुखलं अजिबात नाही. रिपोर्ट आला अ‍ॅडेनोमा, म्हणजे कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकला असता.

आई कदाचित म्हणेल, "माझ्यामुळे तुझ्यामागे हे लागलं." बाबाही म्हणाले होते. त्यांनी आधी टेस्टसाठी रक्त दिलं म्हणूनच माझी तपासणी वेळेवर सुरू झाली, हे मी त्यांना पुन्हापुन्हा सांगते.

मावशीच्या मुलांनाही कळवा. मुलगी असेल तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायला सांगा. मधेच किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर तिने एक दिवसही अंगावर काढू नये.