केत्सालकोआत्ल आणि घराचा ‘चा’

मुलांसाठी देशोदेशींच्या पुराणकथा मराठीत आणत असलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: जुन्या मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांच्या त्या प्रसिद्ध सर्पदेवाचं नाव क्वेट्झलकोटल लिहायचं की आणखी काही? त्याला ‘पंखधारी सर्प’ म्हटलं तर चालेल का? आणि त्यांच्या एकूण देवगणाला मराठीत देव म्हणावं, देवता म्हणावं की दैवत?

ताई, केत्सालकोआत्ल लिहा. ‘क्वेट्झल’ हा इंग्रजी डोळ्यांनी वाचलेला उच्चार आहे. ही नावं नाहुआत्ल भाषेतली. मेक्सिकोत आजही सुमारे १६ लाख लोक ती बोलतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्र्यांनी ती आपल्या लिपीत बसवली. बेर्नार्दिनो दे साआगुन हा १५२९ मध्ये तिथे पोचलेला फ्रान्सिस्कन साधू. त्याने नाहुआ जाणकार हाताशी धरून बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, एका रकान्यात नाहुआत्ल आणि शेजारी स्पॅनिश. देवांची बहुतेक माहिती आपल्याला तिथूनच मिळते. तेव्हा ती अक्षरं वाचायची ती त्या काळच्या स्पॅनिश रीतीने. त्या रीतीत या नावाच्या सुरुवातीला ‘के’ आहे, ‘क्वे’ नाही. ‘क्वे’ खरोखर ऐकू येतो तो कोआत्लिक्वे या देवीच्या नावात.

मला या नावातली सर्वांत आवडती जागा म्हणजे मधला ‘त्स’. इंग्रजी वाचक तिथे अडखळतो, आपण अडखळायचं कारण नाही. ‘घराचा’ म्हणा, मग ‘घराची’ म्हणा. चा आणि ची, अक्षर एकच, पण जीभ वेगळ्या जागी टेकते. घराचा, चमचा, चाक यांतला दंत्य च म्हणजेच केत्सालमधला ‘त्स’. घराची, चिमणी, चहा यांतला तालव्य च नाहुआत्लमध्येही आहे आणि तो वेगळा वर्ण आहे. चाल्चिउत्लिक्वे या जलदेवीच्या नावात दोन्ही ‘च’ तालव्य, चहासारखे. दोन्ही च आपल्या तोंडात तयार आहेत, अडचण फक्त लिपीची, कारण आपण दोघांना एकच अक्षर दिलं. म्हणून छापताना ‘त्स’ बरा. त्सुनामी आपण तसंच लिहितो.

शेवटचा ‘त्ल’ मात्र आपल्याकडे नाही. जीभ ‘त’च्या जागी टेकवायची आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची, घोष न करता, म्हणजे गळ्यातून आवाज न काढता. हा एकच वर्ण आहे. त्याचा ‘टल’ केला की नावाला एक अवयव (उच्चारातला एक तुकडा) उगाच वाढतो. स्पॅनिश लोकांनाही तो जमला नाही, म्हणून तोमात्लचं तोमाते झालं आणि आवाकात्लचं, म्हणजे अ‍ॅव्होकाडोचं, आग्वाकाते. आपल्या टोमॅटोचा प्रवास तिथूनच सुरू होतो. आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो, म्हणजे इथे ‘को’वर. ‘को’ आणि ‘आ’ सुटे म्हणायचे.

आता ‘पंखधारी’. ही चूक हिंदीतून आली असावी. हिंदीत पंख म्हणजे पीसही होतं, मराठीत नाही. आपल्याकडे पंख उडायचा आणि पीस गळायचं. या सर्पाला पंख नाहीत. केत्साल्ली म्हणजे केत्साल पक्ष्याच्या शेपटीकडची लांब, झळाळती हिरवी पिसं. नराची हातभराहून लांब वाढतात. ती राजे आणि सरदारांच्या मुकुटात खोवली जात. कोआत्ल म्हणजे साप. आपल्याकडे ‘पिसारा’ हा इतका नेमका शब्द असताना तो का सोडायचा? ‘पिसाऱ्याचा सर्प’ म्हणा. (कोआत्लचा दुसरा अर्थ जुळं. मेक्सिकोत जिवलग मित्राला आजही ‘क्वाते’ म्हणतात, तो हाच शब्द.)

नावांचा अर्थ द्यायचा का? द्या, पण विग्रह करून द्या. ज्यांनी शाळेत समास घोकले त्यांना ही नावं आपलीच वाटतील. कोआत्ल-इ-क्वे, म्हणजे सर्प-तिचा-परकर. सर्प हाच परकर आहे जिचा ती. नीलकंठ, गजानन यांच्या रांगेतला सरळ बहुव्रीही. चाल्चिउत्लिक्वे ही हिरव्या रत्नांचा परकर असलेली. तेस्कात्लिपोका म्हणजे धुमसणारा आरसा.

वीत्सिलोपोच्त्ली हा युद्धदेव जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वीत्सिलिन म्हणजे हमिंगबर्ड. इथे शिंजीर लिहू नका, तो वेगळा पक्षी. ओपोच्त्ली म्हणजे डावा. डावा कशाला? आपण पूर्वेकडे तोंड करून उभे राहतो, म्हणून उजवी बाजू ती दक्षिण, आणि संस्कृतात दोन्हींना एकच शब्द. अ‍ॅझ्टेकांकडे सूर्यासोबत पश्चिमेकडे पाहायचं, म्हणून दक्षिण डावीकडे येते आणि ‘डावा’ म्हणजे दक्षिणेचा, असा उलगडा अभ्यासक करतात. मेक्सिको सिटीतलं त्यांचं महामंदिर पाहिलं की हे पटतं. ते पश्चिमाभिमुख आहे. माथ्यावर दोन गाभारे होते, उत्तरेला पर्जन्यदेव त्लालोकचा आणि दक्षिणेला, म्हणजे मंदिराच्या डाव्या हाताला, वीत्सिलोपोच्त्लीचा.

त्याची आई कोआत्लिक्वे. ती कोआतेपेक डोंगरावर, म्हणजे सापांच्या डोंगरावर, झाडत असताना वरून पिसांचा एक गोळा पडला. तिने तो कमरेशी खोचला आणि तिला दिवस गेले. मुलगी कोयोल्शाउहकी चिडून चारशे भावांसह आईवर चालून आली, तोच हा सशस्त्र जन्मला आणि त्याने बहिणीचे तुकडे केले. १९७८ साली वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत असताना तिची शिळा हाती लागली. गोल, तीन मीटरहून जास्त व्यासाची, हातपाय आणि शीर धडावेगळं झालेली. ती दक्षिणेकडच्या, वीत्सिलोपोच्त्लीच्याच जिन्याच्या पायथ्याशी होती. गालावर घुंगरू कोरलेलं आहे. कोयोल्ली म्हणजे घुंगरू, आणि नावाचा अर्थ ‘घुंगरांनी रंगलेली’.

देव, देवता की दैवत? मी ‘दैवत’ला मत देईन, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. नाहुआत्लमध्ये लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द. तेओत्ल हा शब्द पुरुषदेवाला चालतो आणि त्लासोल्तेओत्ल या देवीच्या नावातही तोच येतो. (तिचं नाव फोडलं तर त्लासोल्ली म्हणजे केरकचरा. ती पापाचा मळ देणारी आणि गिळून टाकणारीही.) मराठीत देव म्हटलं की तो आला, देवी किंवा देवता म्हटलं की ती आली. दैवत मात्र नपुंसकलिंगी, दोघांनाही सामावून घेणारं. शिवाय तिथल्या प्रत्येक काल्पुल्लीला, म्हणजे वस्तीला, स्वतःचा काल्पुल्तेओत्ल असे. त्याला ग्रामदैवत याहून चांगला प्रतिशब्द मला सुचत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी शब्दाचा मोह टाळा. सिवातेतेओ या बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया. ठरावीक दिवशी त्या खाली उतरतात, तिठ्या-चव्हाट्यांवर थांबतात, लहान मुलांना बाधतात. एवढं वाचून हात आपोआप ‘हडळ’ लिहायला जातो. पण तिथे बाळंतपण ही लढाई मानली जाई, आणि तिच्यात मेलेली बाई रणात पडलेल्या योद्ध्याच्या तोडीची. माथ्यावरच्या सूर्याला मावळतीपर्यंत पोचवण्याचा मान त्यांचा, आणि पश्चिम दिशेचं नावच ‘स्त्रियांचा मुलूख’. तरुण लढवय्ये तिच्या डाव्या हाताचं बोट आणि केस मिळवायला धडपडत, ढालीत ठेवले तर बळ येतं म्हणून. आणि सुइणी ढाली घेऊन तिच्या देहाभोवती चालत. नाव सिवातेतेओच राहू द्या आणि पुढे लिहा: दैवतपण पावलेल्या बाळंतिणी.