‘परत येऊ का?’ : वनशास्त्र शिकायला गेलेल्या मुलीचा पहिला हिवाळा

परदेशी शिकायला गेलेली मुले पहिल्या हिवाळ्यात घरी फोन करून ‘माझे चुकले, परत येऊ का?’ असे विचारतात आणि इकडे आईवडिलांची झोप उडते. हा प्रश्न घेऊन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पालक माझ्याकडे हमखास येतात. सरसकट उत्तर देण्यापेक्षा एका विद्यार्थिनीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते.

तिचे वडील गोंदिया जिल्ह्यात वनरक्षक आहेत. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून पदवी घेऊन ती पदव्युत्तर शिक्षणासाठी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला गेली. नातेवाइकांनी ‘आपल्याकडे जंगल नाही का?’ म्हणून नाके मुरडली होती. भारताच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस हे जर्मनच होते आणि त्यांची नेमणूक १८६४ सालची, हे तिने त्यांना ऐकवले होते. अशी ठाम मुलगी दोन महिन्यांत गप्प झाली. वडील मला म्हणाले, “मॅडम, पोरगी रडत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते.”

आमची पहिली भेट व्हिडिओवर, आपल्याकडचे रात्रीचे नऊ वाजले असताना झाली. तिच्याकडे दुपारचे साडेचारच वाजले होते, तरी मागची खिडकी काळीकुट्ट होती. ती पैशांविषयीच बोलत राहिली. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात भरावे लागले होते, त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येत होते आणि घरचे कर्ज डोळ्यांपुढून हलत नव्हते. मला ही नेहमीची घरची ओढ वाटली. मराठी मंडळात जा, घरचे काही करून खा, असा सल्ला मी दिला. तिने तो निमूटपणे पाळला, पोहेही केले आणि मंडळाच्या कार्यक्रमाहून परतल्यावर तिला अधिकच परके वाटले. माझे निदान चुकले होते.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. वृक्षओळखीच्या सराव चाचणीत टेबलावर पर्णहीन डहाळ्या मांडल्या होत्या आणि पानांच्या मिटलेल्या कळ्यांवरून झाड ओळखायचे होते. बीचची कळी लांब, टोकदार आणि तपकिरी. अ‍ॅशची काजळासारखी काळी. तिथे वाढलेल्या मुलांनी भराभर नावे लिहिली, हिचा कागद जवळजवळ कोराच राहिला. “मॅडम, मी उन्हाळ्यात ऐनाचे झाड नुसत्या सालीवरून ओळखते, आणि इथे मला एकही झाड येत नाही,” असे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

तिला घर आठवत होतेच, पण तिचे दुखणे वेगळे होते. जंगलातली जाणती मुलगी अशी तिची लहानपणापासूनची ओळख होती आणि नेमकी तीच तिकडे गेल्यावर निरुपयोगी ठरली होती. वडिलांना हे सांगणे तिला सर्वांत अवघड वाटत होते, कारण झाडे तिला त्यांनीच शिकवली होती. पालक अशा वेळी ‘खर्चाची काळजी करू नकोस’ म्हणून धीर देतात. तो प्रेमाचाच असतो, पण दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचत नाही.

मी तिला विचारले, “ऐन कसा शिकलीस?” वडील झाडाखाली थांबवून मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीवर तिचा हात ठेवायचे. मग ती आपण होऊन हार्ट्झच्या डोंगरांतल्या सहलीकडे वळली. २०१८ नंतरच्या दुष्काळांत आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे तिथली स्प्रूसची झाडे डोंगरच्या डोंगर वाळलेली तिने पाहिली होती. भुंगेऱ्यांना फसवायला काही झाडे मुद्दाम तोडून ठेवतात, असे वर्गात सांगितले, तेव्हा तिला मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडची गोष्ट आठवली होती. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस सालवृक्षांवर खोडकिडा पडला, तेव्हा ओंडके ठेचून ठेवत, रसाच्या वासाने भुंगेरे जमत आणि गावकरी ते वेचत. हे सांगताना ती दहा मिनिटे थांबली नाही. वर्गात मात्र इंग्रजी अडखळेल म्हणून ती गप्प बसली होती.

आम्ही ठरवले ते इतकेच : परत येण्याचा निर्णय मार्चपर्यंत घ्यायचा नाही, रोज एक डहाळी हातात घेऊन पाहायची आणि चाचणीचे वडिलांना खरे सांगायचे. झोप, भूक उडाली किंवा खोलीबाहेर पडणेच बंद झाले, तर मात्र मार्चची वाट पाहायची नाही. जर्मनीत विद्यार्थी सेवा संस्थांकडे मानसिक समुपदेशनाची सोय असते, तिथे लगेच जायचे. तो पत्ता मी तिच्याकडून माझ्यासमोरच शोधून घेतला. पालकांनीही प्रवेशाच्या कागदपत्रांसोबत तो लिहून ठेवावा.

फेब्रुवारीतल्या परीक्षेत ती जेमतेम उत्तीर्ण झाली आणि मार्चमध्ये तिने पुढच्या सत्रासाठी नाव नोंदवले. जर्मन भाषेची धास्ती अजून आहे, त्यावर आम्ही बोलत असतो. मध्यंतरी तिच्या वडिलांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका काळ्या कळीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “ओळखा पाहू, मॅडम.”