‘आहे त्या स्थितीत’ घेतलेली जुनी शिडाची बोट

प्रश्न : मी साउदॅम्प्टनजवळ राहतो. मार्चमध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून १९६६ साली बांधलेली, २५ फुटी लाकडी फोकबोट (शिडाच्या छोट्या बोटीचा एक प्रकार) साडेसात हजार पौंडांना घेतली. ‘पेट्रोल इनबोर्ड इंजिनाचे २०२१ मध्ये पूर्ण ओव्हरहॉल’ असे जाहिरातीत होते आणि मालकांनी ईमेलमध्ये वर्कशॉपचे नाव देऊन तेच पुन्हा लिहिले. पावतीवर मात्र ‘सोल्ड ॲज सीन’ (आहे त्या स्थितीत विकली) असे शब्द आहेत. जूनमध्ये इंजिन तापून बंद पडले. सिलिंडरभोवतीचे पाण्याचे मार्ग गंजून आरपार गेले आहेत, असे मेकॅनिकने दाखवले. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पेट्रोलचा वासही येतो. वर्कशॉप म्हणते की २०२१ मध्ये त्यांनी फक्त कार्बोरेटर साफ केला होता. मालक पावतीकडे बोट दाखवतात. बोट आम्हाला परत करायची नाही, पण नवे डिझेल इंजिन बसवण्याचे नऊ हजार पौंड त्यांच्याकडून मिळतील का?

उत्तर : कायद्याच्या आधी बिल्जमधल्या वासाविषयी लिहितो, कारण तो मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते; डिझेलचे तसे नाही. गळती सापडून बंद होईपर्यंत इंजिन सुरू करू नका, बॅटरी सोडवून घ्या, बोटीवर स्टोव्ह पेटवू नका आणि विमा कंपनीला आजच लेखी कळवा. गळती सापडेल तिथला पाइप किंवा जोड बदलण्यापूर्वी त्याचे फोटो काढा आणि काढलेला भाग जपून ठेवा.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. इंग्लंडमध्ये खाजगी व्यक्तीकडून घेतलेली वस्तू ‘समाधानकारक दर्जाची’ असलीच पाहिजे, अशी अट कायदा घालत नाही. सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९७९ च्या कलम १४ मधली ती अट धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू होते आणि ३० दिवसांत माल परत करण्याचा २०१५ च्या ग्राहक कायद्यातला हक्क फक्त व्यापाऱ्याकडून खरेदी करणाऱ्याला मिळतो. बोट ब्रोकरमार्फत घेतली असती आणि मालक खाजगी गृहस्थ आहे हे आपल्याला ठाऊक नसते, तर चित्र बदलले असते; १९९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) नेमक्या अशाच एका केबिन क्रूझरच्या प्रकरणात मालकाला जबाबदार धरले होते. आपण मालकांशी थेट व्यवहार केलात, म्हणून ‘इंजिन वाईट निघाले’ एवढ्या तक्रारीवर दावा टिकणार नाही. पत्रव्यवहारात हा मुद्दा पुढे केलात, तर समोरचा वकील त्यालाच उत्तर देत बसेल.

आपली बाजू भक्कम आहे ती मालकांनी जे लिहिले त्यावर. ‘पूर्ण ओव्हरहॉल केले’ हे मत किंवा विक्रेत्याची नेहमीची स्तुती नसून घडलेल्या गोष्टीचे विधान आहे, आणि ते खोटे ठरले आहे. मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट (करारापूर्वीच्या खोट्या विधानांविषयीचा कायदा), १९६७ च्या कलम २(१) प्रमाणे ‘करार होईपर्यंत हे खरे आहे असे मानायला मला रास्त आधार होता’ हे मालकांनीच सिद्ध करायचे असते. ते खोटे बोलले हे दाखवण्याचा भार आपल्यावर नाही. वर्कशॉपचे बिल त्यांच्याच नावावर असेल, तर असा आधार दाखवणे त्यांना कठीण जाईल. ‘स्वतः तपासून का घेतले नाही?’ हा प्रश्नही आपल्याला अडवू शकत नाही, कारण विधानावर विसंबलेल्याला सत्य शोधण्याची संधी होती एवढ्याने विक्रेता सुटत नाही, हे रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड या १८८१ च्या निकालापासून ठरलेले आहे.

‘सोल्ड ॲज सीन’ हे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांपुरते आहेत. न केलेले ओव्हरहॉल कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. ते शब्द खोट्या विधानाची जबाबदारीही झटकतात असे मालकांना म्हणायचे असेल, तर अशी अट रास्त असल्याचे त्यांना न्यायालयाला पटवावे लागेल. माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, हे १९७९ च्या कायद्याचे कलम १३ खाजगी विक्रीलाही लागू आहे, म्हणून दाव्यात दोन्ही आधार घ्या.

नऊ हजारांविषयी मात्र आपली अपेक्षा कमी करावी लागेल. भरपाई मोजताना सर्वसाधारणपणे आपण दिलेली किंमत आणि खरेदीच्या दिवशीची बोटीची खरी किंमत यांतला फरक पाहतात. साठ वर्षांच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी नवे डिझेल इंजिन मागणे म्हणजे जे आपण विकत घेतलेच नव्हते ते मागणे होय. शिवाय फोकबोटीची किंमत मुख्यतः तिच्या लाकडावर, शिडांवर आणि डोलकाठीवर ठरते, त्यामुळे इंजिन निकामी असले तरी ती अर्ध्यावर येईलच असे नाही. दोन कागद मिळवा : एका अनुभवी ब्रोकरचे किंवा सर्व्हेअरचे लेखी मूल्यांकन, आणि त्याच जातीचे जुने इंजिन खरोखर ओव्हरहॉल करण्याचा खर्च. मेकॅनिकची फी आणि बोट ओढून आणण्याचा खर्च स्वतंत्रपणे मागता येईल.

पुरावा सांभाळणे ही पुढची बाब. जुने इंजिन भंगारात देऊ नका. मालकांना त्यांच्या माणसाकडून पाहून घेण्याची लेखी संधी द्या. लोखंडी आवरण खाऱ्या पाण्याने आरपार गंजायला तीन महिने पुरत नाहीत, हे वाक्य मेकॅनिकने कारणांसह लिहून द्यावे. सप्टेंबर २०२१ पासून पंपांवर मिळणाऱ्या ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने पाइप आणि सील बिघडू शकतात. ‘इंधनाने इंजिन खराब झाले’ असा बचाव येऊ शकतो, म्हणून गंज पाण्याच्या बाजूने आला हेही त्या अहवालात स्पष्ट असावे. जाहिरात एव्हाना काढली गेली असेल, तर जतन केलेली प्रत, स्क्रीनशॉट, ईमेल, सगळे एकत्र करा.

त्यानंतर मालकांना दाव्यापूर्वीचे पत्र पाठवा : कोणते विधान, ते कुठे केले, ते खोटे कसे आणि रक्कम किती, एवढेच लिहा आणि उत्तरासाठी १४ दिवस द्या. रक्कम दहा हजार पौंडांच्या आत असल्याने प्रकरण स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या सोप्या न्यायप्रक्रियेत) जाईल, जिथे जिंकूनही वकिलाची फी बहुधा परत मिळत नाही. म्हणून पत्र स्वतःच लिहावे, असा माझा सल्ला आहे. मे २०२४ पासून अशा दाव्यांत मोफत दूरध्वनी मध्यस्थी सक्तीची आहे. तो एक तास गांभीर्याने घ्या, आणि त्याआधी आपण किती रकमेवर थांबणार हे घरात ठरवून ठेवा.

मालकी बदलली की स्मॉल शिप्स रजिस्टरमधली (लहान बोटींच्या सरकारी नोंदवहीतली) पूर्वीची नोंद संपते, तेव्हा बोट तिथे नोंदलेली असेल तर आपल्या नावाने नव्याने नोंद करून घ्या. ती नोंद मालकीचा पुरावा नसल्याने मूळ बिल ऑफ सेल (विक्रीखत) जपून ठेवा.