चाळिशीत फक्त मनाला बरं वाटावं म्हणून गिटार शिकतोय. रोज किती वेळ सराव करावा? सर म्हणतात माझा हात वाद्याचा नाही, तरी चालू ठेवू का?

वीस मिनिटं, पण रोज. आठवडाभर हात न लावता सुट्टीच्या दिवशी तीन तास बसलात तर बोटं सोलवटतील आणि पुढचे चार दिवस गिटारकडे बघावंसं वाटणार नाही.

पण तुमच्या सरांचं वाक्य मला लागलं. तेच मी एकोणिसाव्या वर्षी ऐकलंय. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, येत होते, अडला होता एफ. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, सगळ्या तारांवर आडवी टाकून दाबायची, तर माझ्या दोन तारा बद्द वाजायच्या. सरांचा नियम होता, एफ स्वच्छ आल्याशिवाय गाणं नाही. चार महिने मी तो एकच कॉर्ड दाबत बसले. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझे हात यासाठी नाहीत." त्या दिवशी गिटार कपाटावर गेली ती अकरा वर्षं.

भाचीला द्यायची म्हणून खाली काढली आणि दुरुस्तीला नेली. कारागिराने पहिल्या फ्रेटवर एकेक तार दाबून पाहिली. म्हणाला, "नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ आहेत, तारा फार उंच राहिल्यात. हिच्यावर एफ वाजवत होता तुम्ही?" त्याने कानशीने खाचा खोल केल्या, तारांचा बारा नंबरचा जाड संच काढून दहाचा बारीक चढवला. मी सहज बोटं ठेवली आणि एफ वाजला. सहाही तारा. मला तिथेच रडू आलं. भाचीला दुसरी घेऊन दिली.

आता रोज रात्री वाजवते. आधी कानाने तारा जुळवते, सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, पाचव्या फ्रेटवर दाबून पाचव्या मोकळ्या तारेशी. दोन्ही सूर जवळ आले की आवाजात लाटा उठतात, मंदावत जातात आणि थांबतात. तेवढा वेळ दिवसभरातलं कुणाचंही बोलणं डोक्यात फिरत नाही, कारण कान त्या लाटांवर असतो. मग दोन कॉर्डांची अदलाबदल, अगदी सावकाश, आणि उरलेला वेळ आवडीचं गाणं. गाणं रोज हवंच. नुसत्या सरगमींवर कुणी टिकत नाही.

तुम्हीही कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावून त्याच्या पुढच्या फ्रेटवर एफचा आकार धरून बघा. एकदम सोपा गेला तर दोष बहुधा खाचांचा आहे. तोवर चार तारांचा छोटा एफ धरा, गाणं अडत नाही.

बोटांची टोकं सुरुवातीचे काही आठवडे हुळहुळणारच, पण मनगट दुखलं तर लगेच थांबा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, एकट्या गिटारवर विसंबू नका.

सर मात्र बदला. त्याआधी त्यांना तुमच्याच गिटारवर एफ वाजवून दाखवायला सांगा. माझ्या सरांनी चार महिन्यांत एकदाही माझी गिटार हातात घेतली नव्हती.