ऑपरेशननंतर पोट शिवायच्या वेळी मोजणीत एक मॉप (रक्त टिपायचा कापडी पॅड) कमी भरला, तर नर्सिंगच्या विद्यार्थिनीने काय करावं?

लगेच आणि मोठ्याने सांगा: "सर, एक मॉप कमी आहे." विद्यार्थिनी असलात तरी गप्प बसू नका. शिवणं तिथेच थांबतं. सर्जन पोटात हाताने शोधतात, स्क्रब नर्स (सर्जनच्या हातात साहित्य देणारी) ट्रॉली आणि ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावर पसरलेल्या निर्जंतुक कापडांच्या, घड्या बघते, फ्लोअर नर्स (टेबलापासून दूर राहून बाकीचं काम बघणारी) बकेट, जमीन, लिनन. म्हणूनच मोजणी जुळेपर्यंत कचरा ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) जाऊ द्यायचा नसतो. रक्ताने भिजलेले दोन मॉप एकमेकांना चिकटून एकच वाटतात. प्रत्येक सुटा करून, दोघींनी मिळून मोजा. तरीही नाही सापडला तर टेबलवरच एक्स-रे. मॉपमधली रेडिओ-ओपेक दोरी त्यात दिसते, साधा गॉज दिसत नाही. म्हणून साधा गॉज पोटात वापरायला कधीच देऊ नका. मोजणी जुळली नसेल तर तसंच लिहा, "बरोबर" लिहून सही नको.