पुदिना-तुळशीचा अर्क मायक्रोवेव्हमध्ये: सुरुवात पाण्यानेच करा

आधी एक पक्कं ठरवा: घरच्या मायक्रोवेव्हमध्ये स्पिरिट किंवा अल्कोहोल घालायचं नाही. वाफ आत कोंडते आणि एका ठिणगीने पेट घेते. प्रयोगशाळेतल्या यंत्रांची बांधणीच वेगळी असते. तुम्हाला पाणी पुरेसं आहे. पुदिना-तुळशीतलं रोझमॅरिनिक आम्ल (पानांतलं एक अँटिऑक्सिडंट) गरम पाण्यात छान उतरतं.

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून जुडी आणलीत की धुऊन, देठ काढून सावलीत वाळवा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत पानं वाळण्याआधीच काळी पडतात, म्हणून पंख्याखाली पातळ पसरा. चुरताना कुरकुर वाजलं पाहिजे. चुरा भरडच ठेवा. पीठ केलंत तर गाळताना फडकं तुंबतं.

5 ग्रॅम चुरा, 100 मिली पाणी, भांडं मात्र 500 मिलीचं, काचेचं. 10 मिनिटं भिजवा. कोरडा चुरा तसाच ठेवलात तर करपतो. मग मध्यम पॉवरवर 30 सेकंद, अर्धं मिनिट थांबून ढवळा, परत 30. असे एकूण चार वेळा 30 सेकंद. इथेच घाई नडते: सलग तापवलंत तर फेस उतू जातो, किंवा पाणी शांत दिसतं आणि चमचा घालताच हातावर उसळतं. झाकण सैलच हवं.

घरभर पुदिन्याचा घमघमाट सुटला, तर सुगंधी तेल हवेत गेलं समजा. सुगंधच हवा असेल तर ही पद्धत सोडा, ऊर्ध्वपातन करा, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी गोळा करा.

गाळलेला अर्क फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा; उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.